चाकांची संख्या

संगम पुलापाशी, आरटीओच्या भिंतीला लागून
माझं टेबल. एकतीस वर्षं अर्ज लिहितोय.
लायसन, पासिंग, हरवलेलं आरसी बुक,
वारलेल्या माणसाची स्कूटर मुलाच्या नावावर.
काल पहिल्यांदा होडी आली.

होडी म्हणजे तिचा फोटो, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला,
आणि पिशवी धरून हौसाबाई मल्लाव,
भिगवणच्या अलीकडून पहाटेच्या गाडीनं आलेल्या.
"पाव्हणं फिरवते. लांब पायाची पाखरं दावते.
आता कुनी सायब म्हनतो, नंबर पायजे."

सवयीनं फॉर्म पुढं ओढला.
चाकांची संख्या.
पेन तिथंच थांबलं.
चासी क्रमांक?
"पोरानं पत्र्यावर खिळ्यानं नाव कोरलंय माजं. चालंल?"
आसनक्षमता?
"आठ. भ्याली तर सहाच."

म्हटलं, बाई, हे ऑफिस रस्त्याचं. पाण्याचं नाही.
त्या भिंतीपलीकडं बघत राहिल्या,
जिथं मुठा मुळेत शिरते
आणि जलपर्णीवर बगळा चालतो, पाणी आहे हे विसरून.

मग फोन लावले. माझाच बॅलन्स.
बंदर खात्यातला म्हणाला, लांबी फुटात सांगा.
पाटबंधाऱ्यातला म्हणाला, लांबी राहू द्या,
पाणी आमचं, त्याचं भाडं आधी.
काठ पंचायतीचा.
पाखरं कुणाची, ते विचारायचं मी टाळलं.

"भाचा हर्णैला असतो," बाई सांगत होत्या,
"त्येची होडी इंजिनावर मोजत्यात.
नणंदेचा जावई गोव्यात. तिकडं म्हने दर येगळा,
आन् कागूद एकच.
आमच्या धरनाला तर तीन जिल्ह्यांचं काठ.
सकाळी इंदापूरची पावती फाडली,
वारं फिरलं, होडी करमाळ्याला लागली,
तिथला मानूस पेन काढून हुबाच.
कर्जतकडं ग्येले न्हाई अजून. भ्या वाटतं."

मी हसलो. म्हटलं, पाण्यात काय
हद्दीचा दगड रोवलाय का कुणी?

"हाय की," त्या म्हणाल्या.
"मे महिन्यात उघडा पडतो. आमच्या बापाचा.
वावराच्या वरच्या अंगाचा."

मी काही बोललो नाही. झेरॉक्सवाल्याचं मशीन
एकाच आधार कार्डावर घुर्र घुर्र करत होतं.

फॉर्मवर पुढचा रकाना होता:
वाहन उभे करण्याचे ठिकाण.
हौसाबाईंनी पिशवीच्या तळातून
चार घड्यांचा कागद काढला, घड्यांवर फाटलेला.
शेतसाऱ्याची पावती. एक रुपया नव्वद पैसे.
तारीख धरणाच्या आधीची. तलाठ्याची सही
शाईच्या डागासारखी, की डागच सहीसारखा.
"हितं हुबी असती. ह्या गटात.
मी चौथीत व्हते तवा भुईमूग व्हता हितं.
आता नांगर टाकला की फांदीत अडकतो. बाभळीच्या.
सारा भरलेला हाय बगा. बाकी कायबी न्हाई."

कोणत्या खिडकीला लावायचा हा कागद?
एकतीस वर्षांत मला खिडकी सुचली नाही
असं कधी झालं नव्हतं.
मी गट नंबर लिहिला. नीट, वळणदार.
चाकांपुढं रेघ मारली. शून्य लिहिवेना,
शून्य फार चाकासारखं दिसतं.
वर लिहिलं, प्रति, मा. सक्षम अधिकारी,
म्हणजे जो कोणी सापडेल तो.

त्यांनी अंगठ्याऐवजी सही केली,
अक्षरं एकेक करून, वल्ह्यासारखी रेटत.
मग माझ्या टेबलावरची पाटी वाचली, मोठ्यानं:
दुचाकी पन्नास. चारचाकी शंभर.

"आन् बिनचाकी?"

पाटीवर तिसरी ओळ नव्हती.
त्यांनी वीस ठेवले, जरा थांबून अजून दहा,
आणि पावती मागितली.