इतर नावे : ३

वरच्या जागांचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे,
त्यावर माझ्याकडे नवीन काही नाही.
त्या रात्री टीव्ही साडेनऊलाच बंद केला
आणि भिजलेले मूग फडक्यात बांधून ठेवले.

मी थेट शेवटचं पान उघडते.
खाली, बारीक अक्षरांत, आमचं अ‍ॅस्टोरिया :
वाचनालयासाठी कर. होय, एक हजार नऊशे चार.
नाही, एक हजार नऊशे पंधरा.
अकरा.
अकरा म्हणजे किती,
तर आमच्या चढावरून सकाळी
कुत्री फिरवायला निघालेली माणसं,
तीही पाऊस नसला तर.

आर्नी निएमीच्या अंगणात महिनाभर लाल पाटी होती,
माझ्या अंगणात हिरवी.
त्याची मांजर मधल्या कुंपणावर बसून
दोन्ही पाट्यांकडे पाठ करायची.
आज तो शिडी घेऊन आला,
दरवर्षीसारखी पन्हळीतली पानं काढून दिली.
मी चहा टाकला. त्यानं तीन चमचे साखर घेतली.
अकरा, मी म्हटलं.
अकरा, तो म्हणाला,
आणि जिंकलेल्या माणसासारखा काही दिसला नाही.
त्याची लेम्पी मोठ्या टायपातली पुस्तकं आणायची तिथूनच.
ते तो बोलला नाही. मीही नाही.
पेन्शन आहे तेवढीच आहे, म्हणाला, आणि घरपट्टी...
पुढचं त्यानं बशीत ओतलं.

इथे मतदान टपालानं होतं.
रांग नाही, शाळेचा वर्ग नाही, बोटाला शाई नाही.
जेवणाच्या टेबलावर लोणच्याची बरणी सरकवायची
आणि काळ्या पेनानं लंबगोल भरत बसायचं,
बाहेर न जाता, बालवाडीतल्यासारखं.
कुणी बघत नाही, म्हणून सांगते :
तुरुंग वाढवायच्या प्रस्तावाला मी होय केलं.
मुलीला फोनवर सांगितलं, नाही.
सांगताना आवाज जरा जास्तच ठाम निघाला.
मार्चमध्ये कुणीतरी गॅरेज फोडून मधूची सायकल नेली,
एवढंच कारण.
चालवत कुणीच नव्हतं ती.
तो प्रस्ताव दणक्यात जिंकला.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी बहुमतात,
आणि मूग धुतलेले असताना पुन्हा धुतले.

मग अगदी तळाशी,
जिथवर कुणाचं पेन पोचत नाही,
मृदा व जलसंधारण मंडळ, जागा तिसरी.
उमेदवार एकच. विरोधात कुणी नाही.
त्याच्याखाली एक कोरी रेघ.
मी लिहिलं : मधुसूदन टिपणीस.
इंग्रजीत आडनाव रेघेबाहेर गेलं,
बँकेच्या फॉर्मवर जायचं तसंच.
अठरा वर्षं रोजच्या पावसाचं माप वहीत टिपणारा
दुसरा कोण आहे या गावात?
कोबी खाणाऱ्या गोगलगायी बादलीत गोळा करून
नदीकाठी सोडून यायचा, मारवत नाहीत म्हणून.
त्या परत येतात, मी म्हणायचे.
येऊ देत, म्हणायचा, पायी येतात बिचाऱ्या.
त्याला जाऊन पावणेदोन वर्षं झाली.
फॉर्मवर तसं कुणी विचारलं नव्हतं.

निकालात नाव देत नाहीत, आकडा देतात.
इतर नावे : ३.
एक माझं.
एक कुणीतरी आपल्या कुत्र्याचं घातलं असेल, लोक घालतात.
तिसरं कुणाचं ते
गुप्त मतदान म्हणजे गुप्त मतदान.

शिडी उचलताना आर्नीनं विचारलं,
मधूची ती पावसाची वही आहे का अजून?
आहे, म्हटलं.
मग लिहितेस का?
खाली धक्क्यावर समुद्रसिंह भुंकत होते,
ते कुणी हरलं तरी भुंकतात.
तो गेल्यावर मी वही काढली.
पेन हाताशी होतं ते मतपत्रिकेचंच.
नळीत अर्धा इंच पाणी,
आणि काचेला आतून चिकटलेली एक गोगलगाय.