रकाना क्रमांक सात

नाव, वय, पत्ता, नळ घरात की गल्लीत,
आणि मग सातवा: समाज.
तिथे माझं पेन जरा थांबतं.

येरवड्याच्या टेकडीखाली यल्लव्वानं हात पुढे केला.
शीर सापडेना.
दंडावर गोंदलेलं तुळशीचं रोप, हिरवं, फुटलेलं,
तळवे दगडाच्या खाणीत वापरून झालेले.
"सुई नवी हाय का, ताई?"
आदल्या आठवड्यात कोथरूडच्या चाळीस घरांत
हे मला एकानंही विचारलं नव्हतं.
मी पाकीट तिच्यासमोर फाडलं.
तो आवाज ऐकून घेतला तिनं,
मगच मूठ वळली.

शिवाजीनगरच्या ऑफिसात तक्ता तयार होतो,
वरून खाली समाज, डावीकडून उजवीकडे बी, सी, ई.
कुठे शंभरात एक.
एका ओळीत शंभरात नऊ.
(त्या ओळीचं नाव मी इथे लिहीत नाही.)
सर नऊवर बोट ठेवतात, "इंटरेस्टिंग!"
"यांच्यातच का असावं? खाणंपिणं? रक्तातच काही?"

मी सांगते, सर, तिथे एक बॅगवाला यायचा,
एम-एटीवरून, मंगळवारी आणि शनिवारी.
ताप असो, कंबर धरो, पोर रडो,
एक इंजेक्शन, पाच रुपये.
काचेची पिचकारी, स्टीलच्या डबीत,
उकळली तर उकळली.
त्यानं कधी कुणाला समाज विचारला नाही.
सगळ्या वस्तीला एकच सुई.

सर म्हणतात, सुईला रकाना नाही आपल्या फॉर्मवर.

कॅम्पात स्वेटर विकणाऱ्या डोल्माला
ते आईकडून आलं, जन्माच्याच रात्री,
जशी तिची भाषा आली, आणि गालावरचा तीळ.
टोचायची लस त्या दिवशी दवाखान्यात संपलेली.
हेही कुठे बसत नाही. मी समासात लिहिते.

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात.
साफ खोटं आहे.
यल्लव्वाला मुकादम जसा आहे तसाच दिसायचा,
हजेरीची वही तशीच,
त्यातला तिचा खाडाही.
सरांनी मात्र माउस फिरवला,
आणि नऊची चौकट पिवळीधमक केली.

रिपोर्ट द्यायला मी परत गेले.
उपचार समजावले, गोळ्या कुठे मिळतील, कधी,
गळ्यातली काविळीची माळ हवी तर राहू दे म्हटलं,
पण रक्ताची तपासणी चुकवू नकोस.
तिनं कागद उलटा धरला, मग सुलटा.
"आमच्यातच लई हाय म्हणत्यात. खरं का?"
मी म्हटलं, त्या सुईच्या गिऱ्हाइकांत लई आहे.
ती गप्प.
पोराच्या शर्टाचं बटण लावून झालं.

"आन् त्या बॅगवाल्याचं रगत
तपासलं का कुणी?"

त्याचं नाव कुणालाच आठवेना.
समाज तर नाहीच.