बारीक दळण

आष्ट्यात आमच्या गिरणीचं पीठ
चिमटीत धरलं तर पावडर वाटते.
तुंगहून लोक डबे घेऊन येतात,
चपाती मऊ पडते म्हणतात.
मीही मान हलवायचो.

मग मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर
आतड्याची मखमल काढून दाखवली,
आणि शेजारी केतकीची,
वस्तरा फिरवल्यासारखी सपाट.
म्हणाले, गव्हात एक चिवट तुकडा असतो,
पोटाला तो तुटत नाही.

मी विचारलं, अजून बारीक दळलं तर?
ते हसले नाहीत.
हे मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून कपडे गिरणीतच उतरवतो,
बोअरच्या पाण्यानं कान, भुवया, नखं धुतो,
पांढऱ्याचा काळा होऊन घरी येतो.
तरी ती पळत आली
की हात आधी पाठीमागं जातात.
शाळूला घरात वेगळी घरघंटी आहे,
तिनं गहू पाहिलेला नाही.
वर्गात कुणाचा वाढदिवस झाला
तर केक कागदात गुंडाळून आणते,
भावाला देते,
आणि तो खाताना समोर बसते.

परवा तपासणीला मी त्या जंतूंचं काढलं,
दह्यातले, आंबवणातले,
ते म्हणे गव्हातलं चिवट तोडतात.
डॉक्टर म्हणाले, अभ्यास चाललाय.
काचेच्या नळीत तोडतात काही,
पोटातला भरवसा अजून नाही.
ताक द्या, आंबील द्या, चांगलंच आहे.
पेनला टोपण घातलं.
चपाती नाही.

रात्री शैलजानं शाळूचं पीठ ताकात कालवलं,
मडक्याला फडकं बांधलं,
फ्रिजच्या मागच्या उबेला ठेवलं.
मी अंथरुणात जागा.
वीज नाही, पट्टा नाही,
दगडाला टाकी लावायला नको,
आणि तिथं अंधारात कोण कोण दळत बसलंय.
आमच्याच धंद्यातली माणसं म्हणायची.
माझ्या दगडाला जे जमलं नाही
ते यांना जमेल का कधी,
तिच्या लग्नापर्यंत तरी,
का तिच्या लेकराच्या?
दर विचारावा असा कुणी नव्हता.

सकाळी केतकीनं मडक्याला कान लावला.
"पप्पा, चालू हाय."
मीही वाकलो.
वीस वर्षांची घरघर कानात साठलेली,
मला काहीच ऐकू आलं नाही.
मी काही बोलणार
तर तिनं ओठांवर बोट ठेवलं.