फेरे

शनिवारी अंबडला सुट्टी,
म्हणून शुक्रवारी रात्री तिघं माझ्या दुकानात.
दुकान म्हणजे मोटर रिवायंडिंग:
दिंडोरीकडच्या द्राक्षबागांचे जळके पंप, वार्निशचा वास,
"मालक कुठेत?" असं मलाच विचारणारी गिऱ्हाइकं,
आणि कोपऱ्यात, शिलाई मशीनच्या मोटरवर
मी बसवलेलं वाइंडर.
त्यावर छेचाळीस गेजची तांब्याची तार.
तिच्यापुढे केस म्हणजे दोरखंड.

पिकअपला सात हजार सहाशे फेरे द्यायचेत.
काउंटर बिघडलाय. तोंडाने मोजतेय.

"ब्रिज पक्काच हवा," इम्तियाज कोकणी.
दिवसाला दोनशे फ्लँज काढतो सीएनसीवर,
हलणाऱ्या वस्तूवर त्याचा विश्वास नाही.
"तरंगता ब्रिज म्हणजे एक तार तुटली
की उरलेल्या पाच रुसून बसतात."

"रुसू दे की," ॲल्विन उजागरे म्हणतो.
शरणपूरच्या चर्चमध्ये वाजवतो रविवारी,
आवाज कमी ठेवून, दर वेळी कुणीतरी मागे वळून बघेपर्यंत.
"ज्याला रुसताच येत नाही, तो स्वर वाकणार कसा?
पेटी घे ना मग."

बाराशे. बाराशे एक.

दिगंबर वडके लवकर बोलत नाही.
अंगारा काढावा तशी पुडी काढतो खिशातून:
पितळेचा नट, घासून घासून लोण्यासारखा केलेला,
सहा खाचा, सहाही वेगळ्या खोलीच्या.
"हंडा ठोकून उरलेल्या तुकड्याचा आहे," म्हणतो.
"हाडाचा लावणार असाल तर मी चाललो."
इम्तियाजने हाडाचाच आणलेला.
त्याचा खिशातला हात खिशातच राहतो.

तीन हजार… चारशे? चारशेच असतील.

मग लाकडावर येतात.
पेठ रोडच्या वखारीतली तुणी हलकी, पण दबते.
साग दबत नाही, पण गळ्यात उंबरा अडकवल्यासारखा.
रंग जाड दिला तर लाकूड गुदमरतं, ॲल्विन म्हणतो.
"अरे भो, ते मेलंय केव्हाच," इम्तियाज.
मी मान खाली घालून हसते,
हसण्यात किती फेरे गेले देव जाणे.

आणि लाईट जाते.

वाइंडर थांबतं. अँपचा लाल डोळा मिटतो.
एवढ्या वादाची ती गिटार
आता नुसती फळी, तारा ताणलेली.
ॲल्विन वाजवतो तरीही.
पातेल्याखाली डास सापडावा तेवढा आवाज.
कुणी बोलत नाही, कारण बोललं तर तोही जाईल.

मग अंधारात दिगंबर वाकतो,
गिटारच्या शिंगावर दात टेकवतो,
आणि तसाच राहतो बराच वेळ.
ट्रक जातो एक महामार्गाकडे.
"सगळं ऐकू येतंय," म्हणतो शेवटी.
"हाडातून येतंय."

टेबलावर काहीतरी ठेवल्याचा बारीक आवाज होतो.

लाईट आल्यावर दिसतं:
पितळेच्या शेजारी हाडाचा नट.
दोघांपैकी कुणीच तिकडे बघत नाही.

मी अंदाजाने पुढे मोजते.
साडेबाराला पिकअप बसतो, डाग देते, अँप लावतो.
पहिला तुकडा वाजतो आणि तिघंही गप्प.
मग एकदम सुरू:
पक्का ब्रिज बघ. तुणी बघ.
रंग पातळ दिलाय म्हणून, मी सांगत होतो.

मीटर माझ्या हातात आहे.
सात हजार सहाशेचा हा आकडा नाही,
कितीचा आहे मलाही सांगता येणार नाही,
पुन्हा गुंडाळायला सांगितलं तर जमणारही नाही.

मीटर बंद करते. ड्रॉवरमध्ये टाकते.
"चहा सांगू का?" विचारते.
"थांब," इम्तियाज म्हणतो,
"आधी नटचं ठरू दे."