ओब्दुलिया सेरातोचा आवाज

ओरिसाबाच्या तंबूत, दहा सेंताव्होंच्या बाकांवर
अक्षरओळख नसलेली गिरणीतली माणसं बसायची,
आणि पडद्याशेजारी स्टुलावर मी, वय वर्षं तेरा,
पाटी उमटली की मोठ्यांदा वाचायला.
"मला विसरा, डॉन आनसेल्मो!" ती म्हणायची.
म्हणजे मी म्हणायचो. सर्दी झालेली असली तरी.

लाल रंग पडद्यावर काळा पडतो,
म्हणून ती ओठांना पिवळं फासायची म्हणे.
क्षयाने तीनदा मेली, एकदा विहिरीत.
टाकूबायात चित्रण चालू असताना
खरोखरच्या गोळ्या सुटल्या, कॅमेरावाला पळाला,
ही तशीच हात जोडून उभी.
कुणी 'थांब' म्हटलंच नव्हतं.

मग पडदाच बोलू लागला.
तिला बोलावलं, दोन वाक्यं म्हणवून घेतली, परत पाठवलं.
माझंही स्टूल गेलं.
तिच्या रिळांवरची चांदी कुणीतरी खरवडून नेली,
उरल्याच्या फण्या झाल्या.
माझ्या बायकोकडे होती एक, दात पडलेली.

एक्केचाळीस साली, पुएब्लात,
मुलीच्या फ्रॉकला फीत हवी होती.
गल्ल्यामागे ती. चष्मा. बोटात अंगुस्तान.
ओळखलं, पण सांगणार काय?
की बाई, चार वर्षं मी तुमच्या तोंडून बोललो?

"किती वार?"
घोगरा, जाड, जरा वैतागलेला आवाज.
हवी होती दोन.
तीन, म्हणालो. मग, नाही, पाच.
कात्री थांबली.
"नक्की सांगा," ती म्हणाली.
या वेळी तीच.