आठ बाय बेचाळीस

बोहरी आळीतल्या त्या दुकानात काउंटरच्या वर पाटी:
"नुसते बघायला आलेल्यांनी लांबून बघावे."
दुर्बिणींच्या दुकानात!
मी हसले. मुर्तुजाभाईंनी चष्म्यावरून पाहिलं
आणि पहिली पुढे सरकवली.

दहा बाय पन्नास. हातात घेतली तर वरवंटाच.
दारात उभी राहून समोरच्या पत्र्यावरचं
कबुतर पाहिलं. कबुतर नाचत होतं.
"ते नाही नाचत, खळदकर बाई.
दहापट केलं की सगळंच दहापट होतं.
हातसुद्धा."

एकतीस वर्षं पालिकेच्या पाणीपुरवठ्यात मी ट्रेसर होते.
शहराच्या पोटातले नळ
काळ्या शाईनं उतरवले, एका दमात एक रेघ,
पर्वतीच्या टाक्यांपासून पार येरवड्यापर्यंत.
हल्ली बँक माझा चेक परत पाठवते,
सही जुळत नाही म्हणून.
हे त्यांना सांगितलं नाही.
रोख देईन, एवढंच म्हणाले.

मग सात बाय पन्नास.
हिच्यात कबुतर शहाण्यासारखं बसलं.
मला वाटलं, झालं काम.
पण त्यांनी बिलाच्या पाठीवर भागाकार मांडला:
पन्नासाला सातानं भागलं, की सात मिलिमीटर
उजेडाची धार. "आणि तुमची बाहुली,
माफ करा हं, साठीनंतर
पाचाच्या फारशी वर उघडत नाही.
बाकीचा उजेड बुबुळावर सांडणार.
सांडलेल्याचे पैसे का भरता?"

बाहुली.
किती वर्षांनी कुणीतरी
माझ्या डोळ्यातल्या तिची चौकशी केली.

धायरीच्या आमच्या गच्चीवरून
हायवेच्या बाजूला नुसता पिवळा चिखल,
अलीकडे मंगल कार्यालयाचा हिरवा लेसर.
डोक्यावर मात्र थोडं शिल्लक आहे अजून.
चटई, मानेखाली उशी, अंगात दोन स्वेटर,
कोपरं बरगड्यांना टेकवलेली.
(हेही त्यांनीच शिकवलं,
दोन गिऱ्हाइकांदेखत काउंटरवर रेलून.)

कृत्तिका सापडायला वेळ लागला.
नुसत्या डोळ्यांना तिथं
काचेवर सोडलेला श्वास दिसतो, तेवढंच.
फोकसचं चाक फिरवलं, उलटं फिरलं, पुन्हा फिरवलं.
आणि आल्या त्या,
सहा नव्हे, सात नव्हे, मूठभर मीठ,
आणि प्रत्येकीनं काळ्यावर
एक वाकडी रेघ ओढली,
बारीक, चपळ, शेवटी गाठ मारलेली.
ओळखीची वाटली.
बँकेनं परत पाठवलेली माझी सही,
वीस-पंचवीस वेळा.

मग श्वास सोडला आणि पुढचा घेतलाच नाही,
ट्रेसिंग पेपरवर निब टेकवताना
जसा घ्यायचे नाही, तसा.
थांबल्या.
अठरा मोजल्या. एकोणीस. विसाव्या जागी
दोन आहेत की एकच, असं बघतेय तोवर
खालून तळवलकरांची हाक:
"अहो बाई, टाकी भरून वाहतेय!"

पाणीपुरवठा सुटत नाही, निवृत्त झालं तरी.

मोटर बंद करून वर आले
तेव्हा चटईचा कोपरा भिजला होता.
तो दुमडून घेतला.
पट्टा मानेत अडकवला, खरखरीत आहे, टोचतो.
आणि पुन्हा मोजायला लागले,
एकपासून.