नऊ दहाची बस

साखर पेठेत दुपारचे त्रेचाळीस अंश,
आणि राजेशम फरशीवर आल्प्स पसरून बसलाय.
चार कोपऱ्यांवर चार वाट्या,
एकीत शेंगाचटणी.

गाडी आम्हा दोघांनाही येत नाही.
त्याला तर तुळजापूरच्या घाटातसुद्धा उलटी होते.
म्हणून गाव असं हवं
जिथं रेल्वे आपणहून येऊन थांबते.

तो शिखरं बघतो. मी वेळापत्रक.
हे तळ्याकाठचं देखणं, पण रविवारी बस नाही.
ते वरचं, ढगातलं,
त्याचा रोपवे पाचलाच बंद.
मग खाली कोण उतरणार, माझे गुडघे?

मी बोट ठेवते दरीच्या तोंडाशी,
तीन वाटा फुटतात तिथं.
फोटोत काहीच नाही. स्टेशन, बेकरी,
एक गोदाम, ओल्या सायकली.
"हे तर आपलं कुर्डुवाडीच की गं,"
तो हिरमुसतो.

असेल.
पण डोंगरातून परतायची शेवटची बस
नऊ वाजून दहा मिनिटांनी.
इतक्या उशिरापर्यंत कुणी आपल्यासाठी थांबतं,
हे तीस वर्षं मागाच्या खडखडाटात
मला कुठं ऐकू आलं होतं?

मी वाटी सरकवते त्या गावावर.
तेलाचा डाग हळूहळू पसरतो,
बर्फाच्या बरोबर खाली.